ओट्याची जागा बदलायची, तर परवानगी कुणाची?

या वेळी सगळे प्रश्न स्वयंपाकघराचेच घेतलेत, कारण दिवाळी जवळ आली की दरवर्षी पत्रांचा ढीग याच विषयाचा असतो आणि दरवर्षी मला तीच धास्ती वाटते, की पत्र माझ्या हातात येईपर्यंत तिकडे भिंत पडलेली असेल. काही जण लिहितात, "घर आमचंच आहे तर परवानगी कशाला?" आणि काही जण एवढे घाबरलेले की ओट्यामागच्या टाइल्स बदलायलाही मनपाचा कागद लागतो का असं विचारतात. टाइल्सना नाही लागत, हे आधीच सांगून टाकते. बाकीचं एकेक बघू.

प्रश्न : ताई, मनीषनगरला आमचा २ बीएचके फ्लॅट आहे. चार मजली अपार्टमेंट, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, बिल्डिंग १९९७ ची. किचन अन् हॉलच्या मधली भिंत काढून ओपन किचन करायचं आहे. ठेकेदार म्हणून राहिला की आतलं काम आहे, काहीच लागत नाही, सोमवारी माणसं घेऊन येतो. वरच्या मजल्यावरचे काका म्हणतात मनपाची परवानगी दाखवा नाहीतर तक्रार करतो. कुणाचं ऐकायचं?

सोमवारी माणसं आणू नका म्हणावं. एवढं आधी करा, मग पुढचं वाचा.

ठेकेदार म्हणतो त्यात तथ्य आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, म्हणजे आपण ज्याला एमआरटीपी म्हणतो, त्याच्या कलम ४३ मधे बांधकामाला परवानगी लागते असं सांगून झाल्यावर लगेच सूट दिलीय, की इमारतीच्या फक्त आतल्या भागावर परिणाम होईल किंवा बाहेरचं रूप फारसं बदलणार नाही असं देखभालीचं, सुधारणेचं काम असेल तर परवानगी नको. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीतही, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, अशा किरकोळ कामांची यादी आहे, फरशी बदलणं, प्लास्टर, रंग, फॉल्स सीलिंग, पार्टिशन वगैरे. पण त्या यादीला एक अट चिकटलेली आहे आणि ठेकेदार ती कधीच वाचून दाखवत नाहीत. इमारतीच्या मजबुतीला आणि आगीपासूनच्या सुरक्षेला धक्का लागता कामा नये. म्हणजे तुमची भिंत नुसती आडोशाची असेल तर मनपाकडे जायची गरज पडत नाही, पण त्या भिंतीत कॉलम असेल, किंवा ती स्वतःच वरचा भार घेत असेल, तर ते "आतलं काम" राहत नाही, मग ते स्ट्रक्चरचं काम झालं.

आता ही भिंत कोणती आहे हे कसं कळणार? टकटक वाजवून कळत नाही हो, कितीही जुना मिस्त्री असला तरी. १९९७ ची चार मजली म्हणजे बहुतेक आरसीसी फ्रेम असणार, कॉलम-बीमवर उभी, आणि मधल्या भिंती साडेचार इंची विटांच्या नुसत्या भरलेल्या. अशी भिंत काढता येते. पण "बहुतेक असणार" यावर मी माझ्या घरातली भिंत पाडणार नाही, तुम्हीही पाडू नका. भिंत प्लास्टरसकट नऊ-दहा इंच जाड असेल, किंवा वरच्या आणि खालच्या फ्लॅटमधे अगदी त्याच जागी तशीच भिंत असेल, तर जास्तच सावध व्हा. खरं उत्तर मिळतं ते मंजूर नकाशा आणि स्ट्रक्चरल ड्रॉइंग बघून, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर प्रत्यक्ष येऊन बघून गेल्यावर. त्याच्याकडून दोन ओळी लेखी घ्या, सही-शिक्क्यासकट, की अमुक भिंत भार घेणारी नाही आणि काढायला हरकत नाही. त्याची फी तुमच्या ट्रॉल्यांच्या एका खणाएवढीही नसते बऱ्याचदा.

नकाशा कुठे मिळेल असं तुम्ही विचारलं नाही पण विचाराल म्हणून सांगते. आधी असोसिएशनच्या फायलीत बघा, बिल्डरनी दिलेल्या कागदांत असतो कधीकधी. नसेल तर मंजुरीपत्राच्या डोक्यावर कुणाचं नाव आहे ते बघा, महानगरपालिका की नासुप्र, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास, कारण नागपुरात दोघांनीही नकाशे मंजूर केलेत आणि माणसं चुकीच्या ऑफिसच्या चकरा मारत बसतात. तिथे प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा, आणि दाद लागली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, तर सगळी हकीकत लिहीत बसू नका, प्लॉट नंबर, खसरा नंबर, मौजा, बिल्डिंगचं नाव आणि "मंजूर नकाशाची प्रत" एवढंच लिहा.

आता वरचे काका. मनपाच्या बाबतीत ते थोडे पुढे गेले, पण त्यांना विचारायला पाहिजे हे शंभर टक्के खरं आहे. आपल्या नागपुरात बऱ्याच बिल्डिंगी सोसायटी नसून अपार्टमेंट असतात, डीड ऑफ डिक्लरेशन केलेल्या, म्हणजे त्यांना महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट १९७० लागतो. त्याचं कलम ८ फार कडक आहे. इमारतीच्या मजबुतीला किंवा सुरक्षिततेला धोका होईल, तिची किंमत कमी होईल असं काहीही काम बाकीच्या सगळ्या मालकांच्या एकमताशिवाय करता येत नाही. बहुमत नाही, एकमत! एकजण जरी नाही म्हणाला तरी अडलं. म्हणून इंजिनिअरचं पत्र एवढं कामाचं, कारण मजबुतीला धोका नाही हे लेखी असलं की तुम्ही त्या कलमाच्या बाहेर राहता आणि काकांचीही भीती कमी होते. सहकारी सोसायटी असेल तर उपविधींप्रमाणे कमिटीची लेखी परवानगी घ्यावी लागते, तोंडी "करा हो, काय होतं" चालत नाही, कारण पुढच्या वर्षी कमिटी बदलते.

काकांकडे कागद घेऊन जा, चहा घ्या, भिंत दाखवायला त्यांना खाली बोलवा. त्यांच्या पायाखालची जागा आहे ती, त्यांनी विचारलं यात चूक काहीच नाही.

आणि माझं एक मत, परवानगीचं नाही, पण मनापासून सांगते. पूर्ण भिंत काढू नका, तीन-साडेतीन फूट ठेवा. आपल्याकडे ठेच्याला मिरच्या भाजल्या, नाहीतर सावजी रस्स्याची फोडणी दिली की अख्खा हॉल ठसकतो, आणि ओपन किचन झाल्यावर चिमणी कितीही चांगली घेतली तरी ते हॉलमधे येतंच. अर्ध्या भिंतीत वायरिंगचे पॉइंटही राहतात. पाडताना मोठा ब्रेकर लावू देऊ नका, आधी कटरनी रेघ मारून मग छिन्नी-हातोडीनी वरून खाली एकेक थर उतरवायचा, वेळ लागतो पण शेजारच्या भिंतीला तडे जात नाहीत.

प्रश्न : नंदनवनमधे तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलगा बारावीला जाणार, त्याला वेगळी खोली पाहिजे म्हणून किचन मागच्या बाल्कनीत न्यायचं आणि किचनची खोली त्याला द्यायची असं ठरवलंय. बाल्कनी बंद करून ओटा, सिंक, सगळं तिथे. बिल्डिंगमधल्या दोघांनी असंच केलंय. परवानगी कुठून घ्यावी?

ताई, मुलाला खोली हवी हे मला कळतं, पण या कामाची परवानगी कुठून घ्यावी याआधी हे काम करावं का ते बघू, कारण माझं उत्तर बहुतेक वेळा नाही असंच असतं.

बाल्कनी बाहेर लोंबकळत असते, खालून आधार नसतो, तर अशा स्लॅबमधे मुख्य सळया वरच्या बाजूला असतात. खोलीच्या स्लॅबच्या अगदी उलट. तुम्ही तिथे सिंकचं पाणी काढायला फरशी उकरून पाइपला उतार देणार, म्हणजे मिस्त्री नेमका जिथे ताण येतो तिथेच छिन्नी मारणार. सळई उघडी पडली, पाणी लागलं, गंज चढला, आणि हे सगळं नव्या फरशीखाली, कुणाला दिसणार नाही. शिवाय कठड्यावर विटांची भिंत चढवायची, ग्रॅनाइटचा ओटा, भरलेलं सिलेंडर. साडेचार इंची विटांची भिंत दोन्हीकडून प्लास्टर धरून एका चौरस मीटरला अडीचशे किलोच्या वरच जाते, बाल्कनीच्या टोकावर एवढं वजन कुणी हिशोबात धरलेलं नसतं.

काही वर्षांपूर्वी पश्चिम नागपुरातल्या एका अपार्टमेंटमधे मला बोलावलं होतं, खालच्या मजल्याच्या ताईंनी, की आमच्या बाल्कनीच्या छतातून पोपडे पडतात. वर बघितलं तर असंच बंद केलेलं स्वयंपाकघर, वरच्यांना काही माहीतच नाही, त्यांचं घर स्वच्छ, चकाचक. स्लॅबला टोकाकडे वाक आलेला होता आणि वरून सळयांची जवळजवळ निम्मी जाडी गंजाने खाल्लेली. दोन्ही घरातली माणसं चांगली होती, एकमेकांशी भांडलीही नाहीत, पण ते सगळं उतरवून स्लॅब दुरुस्त करायला जो खर्च आला तो दोघांनाही परवडणारा नव्हता. मी त्या दिवसापासून हा प्रश्न आला की आधी हेच सांगते.

कायद्याचं म्हणाल तर बाल्कनी बंद केली की बाहेरचं रूप बदललं, मग कलम ४३ ची ती सूट धरता येत नाही. मंजूर नकाशात बाल्कनी उघडी दाखवली असेल तर बंद करायला ज्या ऑफिसने नकाशा मंजूर केला तिथे आर्किटेक्टमार्फत सुधारित नकाशा टाकावा लागतो, शिवाय सगळ्या मालकांची संमती. बिल्डिंगमधल्या दोघांनी केलं हे कारण कुठलंच ऑफिस मानत नाही. उलट एकाची तक्रार झाली की तिघांनाही नोटीस येते, असं मी बघितलंय.

आणखी एक गोष्ट राहूनच जाते, खोलीची खिडकी. किचनची खिडकी आत्ता बाल्कनीत उघडते ना? बाल्कनी बंद झाली की मुलाच्या खोलीला बाहेरची हवा कुठून येणार, आणि तीही नव्या किचनची वाफ घेऊन. नागपूरच्या मे महिन्यात त्या खोलीत पोरगं अभ्यास करेल का?

सिलेंडरचं तर नीट लक्षात ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर जमिनीलगत साचतो, म्हणून सिलेंडर नेहमी उभं, शेगडीच्या पातळीच्या खाली, आणि ट्रॉलीच्या कपाटात ठेवत असाल तर त्या कपाटाला खाली जमिनीजवळ हवा जायला जाळी पाहिजेच. बंद बाल्कनीत खाली फट नसते. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची आणि ती भिंतीतून आरपार न्यायची नाही. वास आला तर १९०६, चोवीस तास सुरू असतो.

मुलासाठी हॉलमधे पार्टिशन टाकून बघा. त्याला मनपाची परवानगी लागत नाही, आणि दोन वर्षांनी तो कॉलेजसाठी बाहेर गेला की काढताही येतं.

प्रश्न : मानेवाडा रिंग रोडच्या आत आमचं स्वतःचं घर आहे, १५०० चौरस फुटांचा प्लॉट, नासुप्रचं आरएल आहे. मागे पाच फूट जागा सोडलेली आहे, त्यातली चार फूट घेऊन किचन वाढवायचं, वर स्लॅब टाकायचा. लेआउटमधे सगळ्यांनीच मागे वाढवलंय. स्वतःच्या प्लॉटवर पण परवानगी लागते काय? मेव्हणे म्हणतात अर्ज टाकून साठ दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली समजायचं.

लागते भाऊ. हे किचनचं रिमॉडेलिंग नाही, हे नवीन बांधकाम आहे, स्लॅब पडला की विषय संपला. आणि आरएल म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे, हा गोंधळ आपल्याकडे एवढा आहे की दर दहा पत्रांत तीनदा येतो. आरएल हे २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली तुमचा प्लॉट नियमित झाल्याचं पत्र आहे. घराचा मंजूर नकाशा वेगळा असतो, तो आहे का ते आधी शोधा. बरीच घरं अशी आहेत की आरएल आहे, रजिस्ट्री आहे, टॅक्स पावती आहे, पण घराचा नकाशा कधी मंजूरच झालेला नाही, आणि मग किचनच्या निमित्ताने सगळंच घर उघडं पडतं. तुमचं तसं असेल तर घाबरू नका, पण चार फुटांच्या किचनसाठी अर्ज करायच्या आधी एखाद्या आर्किटेक्टकडून पूर्ण घराचं मोजमाप करून काय काय नियमित होऊ शकतं ते समजून घ्या.

मागची जागा सोडलेली असते ती उगाच नाही, अग्निशमनवाल्यांना फिरायला, हवा-उजेडाला, गटार लाइन साफ करायला असते. त्यातली चार घेऊन एक फूट उरवली तर एवढ्या फटीत चेंबरचं झाकणही उघडत नाही. त्यामुळे नकाशा टाकला तरी मागचं अंतर नियमात बसत नसेल तर मंजूर होणार नाही, आणि तसंच बांधलं तर एमआरटीपीच्या कलम ५३ खाली पाडायची नोटीस निघू शकते.

मग काय करायचं? तुमचा प्लॉट साधारण १३९ चौरस मीटर होतो, आणि १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटसाठी यूडीसीपीआरमधे सोपी वाट ठेवलेली आहे, आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअरने नियमात बसणारा नकाशा प्रमाणित करून, लागणारे कागद आणि शुल्क भरून दिलं की लांबलचक छाननीत अडकावं लागत नाही. म्हणजे नियमात राहून वाढवायचं ठरवलंत तर ते अवघड नाही. घराच्या आतच किचन आणि मागची खोली यांची अदलाबदल करून, नाहीतर बाजूला जागा असेल तर तिकडे. मी तुमच्या जागी असते तर आधी घराचा आतला नकाशा कागदावर काढून चार दिवस त्याच्याकडे बघत बसले असते. आपल्याकडच्या जुन्या घरांत देवघर, कोठीची खोली आणि किचन मिळून भरपूर जागा असते, फक्त मधे भिंती नको तिथे असतात. त्या भिंती मात्र तुमच्या घरात भार घेणाऱ्या असण्याची शक्यता जास्त, कारण अशी एक-दोन मजली घरं विटांच्या भिंतींवरच उभी असतात, तेव्हा इंजिनिअर इथेही हवाच.

अशा घरात पाइप आणि वायरिंगसाठी भिंतीत झिरी मारतात तिथेही जपा. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशपेक्षा खोल नको आणि आडवी एक षष्ठांशपेक्षा खोल नको. नऊ इंची भिंतीत आडवी झिरी म्हणजे जेमतेम दीड इंच. प्लंबर ओट्याच्या उंचीवर तीन इंच खोल आडवी झिरी दहा फूट लांब मारून मोकळा होतो, आणि भिंत तिथेच कमजोर होते.

अर्ज केल्यावर साठ दिवसांत काहीच उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजतात, हे तुमच्या मेव्हण्यांनी सांगितलं ते कलम ४५ मधे आहे खरं, पण नकाशा नियमात बसणारा असेल तरच. नियमाबाहेरच्या नकाशाला असं आपोआप काही मिळत नाही.

प्रश्न : महालमधे जुन्या वाड्यात भाड्याने राहतो, वडिलांच्या काळापासून. आईला आता खाली बसून स्वयंपाक होत नाही, गुडघे गेलेत. उभ्याचा ओटा बांधायचा आहे, धूर जायला एक एक्झॉस्ट लावायचा आहे. घरमालक म्हणतात एक वीट जरी लावली तर खाली करावं लागेल. खरंच असं होऊ शकतं काय?

तुमचं पत्र वाचून मी आधी कायदा काढून पुन्हा वाचला, कारण आईसाठी ओटा मागणाऱ्याला चुकीचं सांगायची मला भीती वाटते. बातमी चांगली आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १६. त्यात घर खाली करून घ्यायच्या कारणांमधे एक कारण असं आहे की भाडेकरूने मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं. तुमचे मालक हेच धरून बोलताहेत. पण त्याच कलमात खाली स्पष्टीकरण दिलंय की पक्कं बांधकाम कशाला म्हणायचं नाही, आणि त्या यादीत लाकडी पार्टिशन, दार, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, एक्झॉस्ट, धुराची चिमणी, आणि तुम्हाला हवं तेच, स्वयंपाकघरातला उभ्याचा ओटा, ही सगळी नावं आहेत! जिथे मनपाची परवानगी लागते तिथे ती घेऊन केलेलं काम असावं एवढीच अट. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी कुणाच्यातरी आईचा विचार केलेला आहे.

आता हे वाचून उद्याच मिस्त्री बोलवू नका. मालकांना एक पत्र द्या, साध्या भाषेत, काय करणार, किती बाय किती, कुठल्या भिंतीला, आणि त्याची पोच घ्या, नाही घेतली तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. परवानगी मागतोय असं नको, कळवतोय असं लिहा, आणि कलम १६ चा उल्लेख करा. भाडेपट्टीचे जुने कागद, पावत्या एकत्र ठेवा. मालक अडूनच बसले तर एकदा वकिलांना दाखवून घ्या, कारण तुमच्या करारात आणखी काय लिहिलंय ते मला दिसत नाही. अकरा महिन्यांच्या लीव्ह-लायसन्सवर राहणाऱ्यांनी मात्र हे स्वतःला लावून घेऊ नये, तिथे करारात जे लिहिलंय ते चालतं.

वाडा हेरिटेज यादीत आहे का तेही मनपात विचारून घ्या, महालात अशा वास्तू आहेत, आणि असेल तर बाहेरच्या भिंतीला भोक पाडायच्या आधी वेगळी परवानगी लागेल.

काम करताना वाड्याची भिंत मातीत बांधलेली असेल तर ओटा भिंतीत खोचू नका. खाली विटांचे किंवा कडप्प्याचे उभे पाय करा आणि वर फरशी टेकवा, भिंतीला फक्त चिकटून राहील, तिच्यात घुसणार नाही. असा ओटा पुढे काढताही येतो आणि मालकांनाही सांगता येतं की तुमच्या भिंतीला हात लावला नाही. जमीन लाकडी तुळयांवरची, वरच्या मजल्याची असेल तर विटा नकोच, लोखंडी अँगलचा स्टँड करा. उंची आईला उभं करून मोजा, तिच्या कोपरापासून चार-पाच बोटं खाली. मिस्त्री सगळ्यांना बत्तीस-चौतीस इंच करून देतो आणि बुटक्या बायांचे खांदे आयुष्यभर दुखतात.

प्रश्न : नवीन किचनमधे इंडक्शन, ओव्हन, डिशवॉशर आणि एसी लावतोय. इलेक्ट्रिशियन म्हणतो चालून जाईल. महावितरणला कळवावं लागतं का?

बिलावर "मंजूर भार" लिहिलेला असतो तो आकडा बघा. आता जोडा, इंडक्शन २ किलोवॅट, ओव्हन दीड, डिशवॉशर गरम पाण्यासकट दोनच्या आसपास, दीड टनाचा एसी दीड, हे नुसतं किचनचं, घरातला गीझर, दुसरा एसी, कूलर वेगळे. सगळं एकाच वेळी चालत नाही हे खरं, पण मंजूर भारापेक्षा बरंच वर जात असेल तर महावितरणकडे भार वाढवून मागायचा, अर्ज ऑनलाइन होतो, परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट लागू शकतो. किचनच्या १६ अँपिअरच्या पॉइंटना वेगळ्या लाइनी ओढा, जुन्या पॉइंटवरूनच पुढे जोडत जाऊ नका, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लगेच लाइन तोडणारा स्विच, लावाच, सिंकजवळ ओल्या हाताने मिक्सर लावणारं प्रत्येक घर आहे. "चालून जाईल" म्हणणाऱ्या इलेक्ट्रिशियनला मे महिन्यात दुपारी बोलावून बघा.

प्रश्न : आमच्या वरच्या फ्लॅटमधे महिनाभरापासून किचनचं काम चालू आहे. जुन्या फरशीवरच नवी फरशी टाकून राहिले. मलबा जिन्यात, रात्री नऊ-दहापर्यंत कटर. काही बोललं तर म्हणतात आमच्या घरात आम्ही काहीही करू. आम्ही काय करू शकतो?

बरंच काही. मलब्यापासून सुरू करा कारण ते सोपं आहे. बांधकामाच्या कचऱ्यासाठी २०१६ पासून केंद्राचे वेगळे नियम आहेत, तो जिन्यात, रस्त्यावर, नालीत टाकता येत नाही, ज्याचा कचरा त्याने उचलायचा. असोसिएशनने लेखी सांगावं, आणि रस्त्यावर टाकला तर तुमच्या झोन ऑफिसमधे फोटोसकट तक्रार द्या, मनपाचं उपद्रव शोध पथक दंड करतं. आवाजाचं असं, की रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ कायद्यानेच आहे, त्याच्या आधीची वेळ बिल्डिंगने ठरवायची, बऱ्याच ठिकाणी दुपारी एक ते चार बंद आणि संध्याकाळी सहानंतर बंद असं ठरवतात, तसा ठराव करून घ्या.

पण मला खरी काळजी फरशीवर फरशीची वाटते. दोन इंच मसाला आणि वर टाइल धरली तर एका चौरस फुटाला साधारण १२ किलो वजन वाढतं, म्हणजे ८० चौरस फुटांच्या किचनमधे जवळजवळ एक टन, कायमचं. राहत्या घराच्या स्लॅबला माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला २०० किलो धरून डिझाइन करतात, त्यातले सव्वाशे-एकशेतीस किलो तुम्ही नुसत्या फरशीत घालवले. पातळ टाइल चिकटवायच्या अधेसिव्हने लावली तर हे वजन बरंच कमी होतं, तेव्हा कोणत्या पद्धतीने लावताहेत ते आधी शांतपणे विचारा. मसाल्यावरच असेल तर असोसिएशनमार्फत इंजिनिअरला बोलवा, अपार्टमेंट कायद्याचं कलम ८ इथे थेट लागू पडू शकतं. आणि नव्या फरशीखालचा सिंकचा पाइप कुठून नेला ते फरशी बंद व्हायच्या आधी बघून, फोटो काढून ठेवा, पाणी तुमच्याच छतातून येणार आहे. नहाणी ट्रॅपला पाणी भरून एक रात्र तसंच ठेवायला सांगा, सकाळी तुमच्या छताला ओल नसेल तर पुढे जाऊ द्या.